मार्शलसीची भिंत आणि मोंढ्यातील तिजोरी

उन्हाळा सरत आला की मुखेडच्या मोंढ्यावर सुस्ती पसरते. हरभऱ्याची आणि तुरीची आवक ओसरलेली असते, कापसाचा हंगाम केव्हाच आटोपलेला असतो आणि शेतकरी मृगाच्या आशेने बियाण्यांच्या व खतांच्या दुकानांकडे वळलेला असतो. येथील व्यापारी कुटुंबे यात्रेला निघतात ती याच दिवसांत. पूर्वी ही यात्रा कुंथलगिरीची, श्रवणबेळगोळची, पालिताण्याची, फार तर शिखरजीची असे. आता मुले शिकून सातासमुद्रापार स्थिरावली आहेत आणि यात्रेच्या यादीत लंडनचीही भर पडली आहे.

काही वर्षांपूर्वी मोंढ्यातील असेच एक वयोवृद्ध आडत व्यापारी पत्नीसह देगलूरमार्गे हैदराबादला गेले आणि तेथून विमानाने लंडनला पोहोचले. मोंढ्यात सारे त्यांना शेठजी म्हणतात, तेच संबोधन येथेही पुरेसे आहे. मुलगा हॅरो या उपनगरात राहतो. जून ते ऑगस्टच्या आरंभापर्यंत, नऊ आठवड्यांचा मुक्काम ठरला होता. सामानात खाखरे, पापड, मेतकूट आणि तूरडाळ एवढे सारे होते, पुस्तक मात्र एकही नव्हते. कादंबरी वाचणे म्हणजे वेळ दवडणे, अशीच शिकवण व्यापारी घरात असते. शेठजींनी नांदेडला वाणिज्य शाखेची पदवी घेताना इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकात डिकन्सचा एक संक्षिप्त उतारा वाचला होता. इंग्रजी वाङ्मयाशी त्यांचा संबंध तेथेच संपला होता.

लंडनमध्ये त्यांना पहिला सुखद धक्का दिला तो सूर्याने. जून महिन्यात तेथे सूर्य रात्री सव्वानऊच्या सुमारास मावळतो. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपण्याचा नेम परदेशात कसा सांभाळावा, ही पत्नीची चिंता पहिल्याच दिवशी मिटली. हिवाळ्यात मात्र तोच सूर्य चारच्या आसपास निरोप घेतो, हे सुनेने हसत सांगितले. शिवाय हॅरोलगतच्या केंटनमध्ये महावीरस्वामींचे देरासर आहे, पॉटर्स बारला ओशवाळ समाजाचे भव्य मंदिर आहे आणि लेस्टर शहरातील जैन केंद्र १९८८ पासून एका जुन्या ख्रिस्ती प्रार्थनागृहाच्या वास्तूत आहे. दर्शनाची सोय होती आणि आहाराचीही होती. प्रश्न उरला तो वेळेचा. मुलगा व सून सकाळी कामावर जात, नात शाळेत जाई, आणि पन्नास वर्षे गादीवर बसलेल्या माणसाला रिकामे हात अवघड वाटू लागले.

इंग्लंडमध्ये प्रत्येक पेठेत धर्मादाय संस्थांची दुकाने असतात. लोकांनी दान दिलेले कपडे, भांडी, पुस्तके तेथे स्वस्तात विकली जातात आणि येणारी रक्कम सेवाकार्याला जाते. अशाच एका दुकानात दोन पौंडांना एक जाडजूड ग्रंथ मिळाला, चार्ल्स डिकन्सची ‘लिटिल डॉरिट’. लेखकाचे नाव ओळखीचे, शिवाय पृष्ठे सुमारे नऊशे. पृष्ठसंख्येला किमतीने भागून शेठजींनी व्यवहार फायद्याचा ठरवला आणि पुस्तक घेतले.

वाचन कष्टाचे होते. पहिल्या आठवड्यात दिवसाला दहा पाने होत. नात शाळेतून परतली की अडलेल्या शब्दांची यादी तिच्यापुढे ठेवली जाई आणि ती मोबाइलवरील शब्दकोशातून अर्थ काढून देई. पुढे गती वाढून वीस-पंचवीस पाने होऊ लागली. घरात थोडी कुरकुरही झाली. इतका खर्च करून इतक्या लांब यायचे आणि वाचतच बसायचे, तर ते मुखेडला झाले नसते का? हा प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर मिळाले ते त्या कादंबरीतील ठिकाणे प्रत्यक्ष पाहिल्यावर.

‘लिटिल डॉरिट’ डिसेंबर १८५५ ते जून १८५७ या काळात मासिक अंकांच्या रूपाने एकेका शिलिंगला विकली गेली. ती पूर्ण झाली त्याच १८५७ साली बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाली, जिला मराठीतील पहिली कादंबरी मानले जाते. डिकन्सच्या या कादंबरीचे दोन खंड आहेत. पहिल्याचे नाव ‘दारिद्र्य’ आणि दुसऱ्याचे ‘श्रीमंती’. कथेचे मुख्य स्थान म्हणजे टेम्स नदीच्या दक्षिणेस साउथवर्क भागात असलेला मार्शलसी नावाचा तुरुंग. तेथे प्रामुख्याने कर्जदार असत. देणे फेडता आले नाही की धनको ऋणकोला कोठडीत टाकू शके, आणि देणे फिटेपर्यंत किंवा तडजोड होईपर्यंत सुटका नसे. अनेकदा बायकामुलेही सोबत राहात. विल्यम डॉरिट नावाचा गृहस्थ तेथे वीस वर्षांहून अधिक काळ अडकून पडतो आणि त्याची धाकटी मुलगी एमी त्या तुरुंगातच जन्मते. तीच ही ‘लिटिल डॉरिट’.

हे सारे डिकन्सने ऐकीव माहितीवर रचलेले नाही. १८२४ साली त्याचे वडील जॉन डिकन्स एका पावरोटीवाल्याच्या चाळीस पौंड दहा शिलिंगांच्या देण्यापायी याच मार्शलसीत गेले आणि सुमारे तीन महिने तेथे राहिले. बारा वर्षांच्या चार्ल्सची शाळा सुटली. बुटांच्या पॉलिशच्या कारखान्यात डब्यांना लेबले चिकटवण्याचे काम त्याला मिळाले. मजुरी होती आठवड्याला सहा शिलिंग. जुन्या व्यापाऱ्याला असे आकडे नुसते वाचून पुढे जाता येत नाही. वीस शिलिंगांचा पौंड, म्हणजे देणे आठशे दहा शिलिंगांचे. आठवड्याला सहा या हिशेबाने, एक पेनीही न खाता, ते फेडायला एकशे पस्तीस आठवडे, अडीच वर्षांहून अधिक काळ लागला असता. शेठजींनी हा हिशेब पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने मांडला. पौंड-शिलिंग-पेन्सची ती त्रिस्तंभी मांडणी त्यांना परकी वाटली नाही. आपल्याकडे दशमान नाणी १ एप्रिल १९५७ रोजी आली, ब्रिटनमध्ये १५ फेब्रुवारी १९७१ रोजी. तोवर दोन्ही देशांतील मुनीम तीन-तीन रकान्यांतच बेरजा करीत होते.

जुलैच्या एका सकाळी ते एकटेच निघाले. वेम्ब्ली पार्कला गाडी बदलून ज्युबिली मार्गाने लंडन ब्रिज स्थानक गाठता येते. बाहेर पडताच बरो मार्केट लागते. चीज, मासे, फळे, मसाले यांची ती गजबज आज पर्यटकांनी भरलेली असली, तरी मूळ मामला बाजाराचाच. तेथून जवळच, साउथवर्क स्ट्रीटवर, हॉप एक्स्चेंजची लांबलचक इमारत आहे. बिअरला लागणाऱ्या हॉप नावाच्या फुलांचा सौदा येथे होई. माल आपल्या दृष्टीने निषिद्ध पेयाचा, परंतु इमारतीची रचना प्रत्येक आडत्याने ध्यानी घ्यावी अशी आहे. १८६७ साली ती उघडली तेव्हा तिच्या मोठ्या दालनाला काचेचे छत होते, कारण मालाची प्रत नैसर्गिक उजेडातच पारखावी असा व्यापाऱ्यांचा आग्रह होता. मुखेडच्या मोंढ्यात मुठीतला कापूस उन्हात धरून धागा ओढून पाहणारा खरेदीदार तेथे पाहता पाहता आठवतो. दिव्याच्या उजेडात सौदा करू नये, हे शहाणपण दोन्हीकडे सारखेच.

बरो हाय स्ट्रीटने दक्षिणेकडे दहा मिनिटे चालले की सेंट जॉर्ज द मार्टर हे चर्च दिसते. कादंबरीतल्या एमीचा नामकरणविधी येथे होतो आणि विवाहही येथेच. एका रात्री तुरुंगाचे दार बंद झाल्याने ती बाहेर अडकते, तेव्हा याच चर्चमध्ये दफननोंदींच्या जाड वहीची उशी करून झोपते. पूर्वेकडील रंगीत काचेच्या खिडकीत तिची गुडघे टेकलेली इवलीशी आकृतीही आहे. जी व्यक्ती कधी जन्मलीच नाही, तिला देवालयाच्या खिडकीत जागा देणारा हा समाज आपल्या कथांकडे किती गांभीर्याने पाहतो, हे त्यावरून कळते.

चर्चच्या उत्तरेला एंजल प्लेस नावाची अरुंद बोळ आहे. बोळीच्या एका बाजूला सार्वजनिक ग्रंथालय आणि दुसऱ्या बाजूला उंच, काळवंडलेली विटांची भिंत. मार्शलसीचे एवढेच उरले आहे. हा तुरुंग १८४२ साली बंद झाला. कादंबरी संपत आली असता, १८५७ मध्ये, डिकन्स स्वतः तेथे काय उरले आहे ते पाहायला गेला, तेव्हा पुढच्या अंगणाच्या जागी त्याला लोण्याचे दुकान आढळले होते. कर्जासाठी कैद करण्याची प्रथा इंग्लंडने १८६९ च्या कायद्याने बहुतांशी संपवली. भिंतीच्या पलीकडे आता लहानशी बाग आहे, बाके आहेत आणि दुपारी जवळच्या कचेऱ्यांतील मंडळी तेथे डबा खात बसतात.

शेठजी त्या दिवशी बागेत तीन तास वाचत बसले. नंतरच्या पंधरवड्यात ते आणखी चार वेळा तेथे गेले. घरच्यांच्या प्रश्नाचे उत्तर येथे होते. मुखेडला ही कथा केवळ कथा राहिली असती. येथे भिंतीला पाठ टेकून वाचताना ती ऋणकोच्या बाजूने दिसू लागली, आणि हा अनुभव त्यांना नवा होता. व्यापारी कुटुंबांनी कर्ज ही वस्तू पिढ्यान्‌पिढ्या पाहिली, पण ती गादीच्या या बाजूने. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत १८७५ साली शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली. सुपे गावापासून पेटलेल्या त्या दंग्यांत ज्यांच्या वह्या जळाल्या, त्यांत मारवाडी आणि गुजराती सावकार मोठ्या संख्येने होते. पुढे १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. मुखेडचा मुलूख निजामाच्या राज्यात असल्याने तो येथे लागू नव्हता. आपल्या घरांत ही हकिकत सांगितली गेली ती केवळ संकट म्हणून. खत जाळणाऱ्याच्या मनात काय होते, ते सांगणारे कोणी नव्हते.

कादंबरीत मर्डल नावाचा एक वित्तसम्राट आहे. खासदार, न्यायाधीश, धर्मगुरू सारे त्याच्या मेजवान्यांना हजर असतात. त्याचा व्यवसाय नेमका कोणता हे कोणालाच ठाऊक नसते, पण प्रत्येक जण त्याच्याकडे पैसे गुंतवतो. एके दिवशी तो आत्महत्या करतो आणि मागे पोकळ वह्या उरतात. जॉन सॅडलियर या खासदार व बँकचालकाने फेब्रुवारी १८५६ मध्ये विष घेतले होते. डिकन्सला मर्डल सुचला तो काही अंशी त्याच्यावरून. दामदुपटीच्या योजनांत ज्यांनी हात पोळले आहेत, त्यांना ही प्रकरणे ताज्या वर्तमानपत्रासारखी वाटतील. नायक आर्थर क्लेनम भागीदार परदेशी असताना पेढीचा पैसा मर्डलकडे गुंतवतो आणि बुडतो. परंतु तो पळवाट शोधत नाही. दोष केवळ आपला, भागीदाराचा नव्हे, असे जाहीर करून तो स्वतः मार्शलसीत जातो.

शेठजींना खरे अस्वस्थ केले ते मर्डलने नव्हे, आर्थरच्या आईने. मिसेस क्लेनम ही अत्यंत धर्मनिष्ठ, करारी स्त्री. आजारपणामुळे ती एका खोलीत खिळलेली आहे, तरी पेढीचा सारा कारभार तेथून चालवते. पत्रव्यवहार वेळच्या वेळी, वह्या निष्कलंक, रोज धर्मग्रंथाचे वाचन. आर्थर परदेशातून परततो तो एकच शंका घेऊन. मरताना वडिलांच्या मनाला काहीतरी टोचत होते, आपल्या पेढीने कोणावर अन्याय तर केला नाही ना? तो आईला विचारतो आणि आई संतापते. मृत पित्याच्या नावाला बट्टा लावतोस, हाच तिचा आरोप. शेवटी उलगडते ते असे, की एका मृत्युपत्राच्या पुरवणीत एक हजार गिनी ज्या मुलीला मिळायच्या होत्या, ती तुरुंगात वाढलेली एमीच होती, आणि तो कागद मिसेस क्लेनमने वर्षानुवर्षे दडवून ठेवला होता. वहीत एकही आकडा चुकीचा नव्हता. चूक होती ती वहीबाहेर.

मुखेडला घरच्या तिजोरीच्या खालच्या कप्प्यात लाल फडक्याची एक पुरचुंडी होती. तीत चाळीस तोळ्यांचे चांदीचे तोडे आणि वडिलांच्या हातची एक चिठ्ठी. १९७२ च्या दुष्काळात, जेव्हा अवघा मराठवाडा खडी फोडत होता आणि सुकडीवर दिवस काढत होता, तेव्हा तालुक्यातील एका शेतकऱ्याने दोनशे रुपयांना ते गहाण ठेवले होते. वही पाहता १९७४ साली दोन हप्त्यांत रक्कम व्याजासह जमा झालेली होती. तोडे दिवाळीनंतर न्यायचे ठरले होते, ते नेलेच नाहीत. ते कुटुंब काम शोधत निजामाबादकडे गेल्याचे कळले, पुढे वडीलही गेले. दर लक्ष्मीपूजनाला तिजोरी रिकामी होई, पुरचुंडी पुसून पुन्हा आत ठेवली जाई. एवढ्या वर्षांत ती कोणाची हे बोलणेही थांबले आणि सर्वांच्या लेखी ती घरचीच झाली.

जैन गृहस्थाला हा दोष नव्याने शिकवावा लागत नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत ‘न्यासापहार’ स्पष्ट नोंदलेला आहे. न्यास म्हणजे विश्वासाने ठेवलेली वस्तू. टीकाकारांनी त्याचे विवरण सूक्ष्म केले आहे. ठेवणारा विसरला, त्याने कमी मागितले आणि ठेवून घेणाऱ्याने त्याचे स्मरण दुरुस्त न करता उरलेले राखले, तर तोही न्यासापहारच. येथे चोरी झालेली नसते, खोटे बोललेलेही नसते, फक्त मौन असते. म्हणूनच आचार्यांनी ते अचौर्याखाली न ठेवता सत्याखाली ठेवले असावे. पर्युषणात दरवर्षी ऐकलेला हा शब्द शेठजींना पूर्वी कधी आपल्या तिजोरीशी जोडता आला नव्हता. एका परधर्मीय लेखकाने रंगवलेल्या परधर्मीय स्त्रीत तो त्यांना ओळखू आला.

आधुनिक बँकव्यवहारातही हेच तत्त्व आहे. दहा वर्षे व्यवहार न झालेल्या ठेवी बँकेच्या नफ्यात जमा होत नाहीत. २०१४ च्या योजनेनुसार त्या रिझर्व्ह बँकेकडील ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जातात, आणि मूळ ठेवीदार किंवा वारस केव्हाही आला तरी पैसा परत मिळतो. अशा ठेवी शोधण्यासाठी २०२३ पासून ‘उद्गम’ हे संकेतस्थळही आहे. ज्या घरांत आजी-आजोबांची जुनी पासबुके पडून आहेत, त्यांनी ते अवश्य पाहावे. आपल्या देण्यांचा असा शोध मात्र कोणतेही संकेतस्थळ घेत नाही.

ऑगस्टमध्ये परतल्यावर शेठजींनी घरात विषय काढला. थोरले बंधू रागावले. इतक्या वर्षांनी हे उकरले तर लोक म्हणतील, वडिलांनी गरिबाचे तोडे दाबले. कायद्याने आता कोण विचारणार आहे? त्यांचा राग लोभाचा नव्हता. त्यांना वडिलांच्या अब्रूची काळजी होती. आर्थरच्या आईनेही तीच ढाल पुढे केली होती, पण ते बोलून दाखवण्यात अर्थ नव्हता. शेठजींनी केवळ चिठ्ठी काढून समोर ठेवली. तीत वडिलांनी शेतकऱ्याचे नाव, गाव, वजन आणि ‘रक्कम पोचली, माल देणे’ एवढे स्वच्छ लिहिले होते. वडिलांनी काहीच दडवले नव्हते. ‘माल देणे’ हे दोन शब्द न वाचण्याचे काम मुलांनी केले होते. थोरले बंधू बराच वेळ चिठ्ठी हातात धरून बसले.

शोधाला तीन आठवडे लागले. मूळ गावच्या भावकीतून माग काढता शेतकऱ्याचा नातू देगलूरला चहाचे हॉटेल चालवतो असे कळले. दोघे बंधू तेथे गेले. मुखेडच्या जुन्या आडतीवरून आलो आहोत, एवढे सांगताच त्या तरुणाचा चेहरा उतरला. गल्ल्यावरून उठून त्याने पहिला प्रश्न विचारला, “आजोबांचं काही देणं निघालं का?”

त्याचा विश्वास बसायला वेळ लागला. कागदावर सही मागताच तो पुन्हा बिचकला. शेवटी शेजारच्या सोनाराकडे वजन झाले, चाळीस तोळे भरले. पैसे फिटल्यानंतर इतकी वर्षे वस्तू अडकून राहिली, म्हणून शेठजींनी वर काही रक्कम पुढे केली. ती त्याने घेतली नाही, दोघांना चहा मात्र पाजला. सूर्य मावळायला अजून अवकाश होता.

चार दिवसांनी क्षमापनेचा दिवस आला. तेव्हा बही पुन्हा उघडली गेली आणि १९७४ च्या त्या पानावर ‘माल देणे’ या नोंदीपुढे ‘माल पोचला’ असे लिहून तारीख घातली गेली. खाली सही शेठजींची आहे. शेजारी, कोणी न सांगता, थोरल्या बंधूंनीही आपली सही केली आहे.